राष्ट्रपती कुणालाही माफ करू शकतात? अगदी स्वतःलाही?

कृष्णाकाठचा_बाळू (सांगली)
आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत परवा चांगलीच जुंपली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, अमेरिकेच्या अध्यक्षाला वाटेल त्याला माफ करता येतं. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी खुर्चीत बसल्या बसल्या कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, चाल करून गेलेल्या दीडेक हजार लोकांना माफी दिली. त्याच दिवशी बायडेननी जाता जाता स्वतःच्या भावाबहिणींना आगाऊ माफी देऊन टाकली, ज्यांच्यावर कसला खटलासुद्धा नव्हता. मग आपल्या राष्ट्रपतींनाही तेवढाच अधिकार असणार, असं मास्तरांचं म्हणणं. त्यावर दुसरे एक काका म्हणाले, आपले राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का, मंत्री सांगतील तिथं उठणार.

माझा प्रश्न सरळ आहे. हा अधिकार नेमका कुठं अडतो? गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी माफी देता येते का? राष्ट्रपतींनी एकदा हो किंवा नाही म्हटलं की कोर्टाला त्यात हात घालता येतो का? आणि उद्या राष्ट्रपतींनी स्वतःलाच माफ केलं तर?

जाणकारांनी लिहावं. पक्षांची धुणी दुसऱ्या धाग्यावर धुवा, इथं नको.

भडंगखाऊ
पहिला! वकील मंडळी येईपर्यंत जागा धरून बसतो. पुडा फोडलाय.

मिरजेचा_वकील
बाळू, मास्तर आणि काका दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहेत.

आपल्याकडे हा अधिकार घटनेच्या ७२व्या अनुच्छेदात आहे आणि तो तीनच ठिकाणी चालतो. लष्करी न्यायालयानं दिलेली शिक्षा, केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयावरच्या कायद्याखालचा गुन्हा, आणि फाशी. फाशी मात्र कुठल्याही कायद्याखाली झालेली असो. म्हणजे तासगावात खून झाला, आरोपीला जन्मठेप लागली, तर तो अर्ज दिल्लीला जायचं कारणच नाही. तो राज्यपालांचा विषय, अनुच्छेद १६१. फाशी झाली असेल तर दोन्ही दारं उघडी, आधी राज्यपाल आणि मग राष्ट्रपती.

दुसरं कुंपण वेळेचं. आपल्या घटनेत माफी आहे ती दोषी ठरलेल्या माणसाला. खटलाच झाला नाही, तर माफ कशाला करायचं? त्यामुळे बायडेनछाप आगाऊ माफी इथं बसत नाही.

तिसरं म्हणजे काकांचा शिक्का. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं, हे अनुच्छेद ७४ सांगतो, आणि माफीलाही तेच लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये मारू राम प्रकरणात स्पष्ट केलं. व्यवहारात गृहमंत्रालयाची शिफारस येते. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींना एवढंच दिलं की सल्ला पटला नाही तर एकदा परत पाठवा. पुन्हा तोच आला तर सही करायची. पण सही किती दिवसांत करायची, ते कुठंही लिहिलेलं नाही. सगळी गोम तिथं आहे.

सज्जनगडकर
मग शिक्काच की हो वकीलसाहेब! एवढं लांबण लावून काकांचंच खरं केलंत.

मिरजेचा_वकील
शिक्का म्हणा हवं तर, पण कुठल्या फाइलवर कधी उठवायचा हे शिक्काच ठरवतो. कलामसाहेबांनी पाच वर्षांत दोनच अर्ज निकालात काढले. धनंजय चॅटर्जीचा फेटाळला, त्याला २००४ मध्ये कोलकात्यात फाशी झाली. दुसऱ्या एकाची फाशी जन्मठेपेवर आणली. बाकीच्या फाइली तशाच राहिल्या. प्रतिभाताईंनी त्या साठलेल्या ढिगात हात घातला आणि तीसेक जणांची फाशी रद्द केली. प्रणवदांनी बहुतेक सगळे अर्ज फेटाळले. कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला गेला आणि २१ तारखेला येरवड्यात फाशी झालीसुद्धा. घटना तीच, अनुच्छेद तोच.

नंदू_कऱ्हाडकर
प्रतिभाताईंच्या काळातली एक गोष्ट विसरलात. २०१२ मध्ये ज्यांची फाशी जन्मठेपेवर आणली, त्यातला एक कैदी आधीच तुरुंगात वारलेला होता. काही वर्षं झाली होती त्याला जाऊन. दिल्लीत फाइलीवर तो जिवंतच. आमच्याकडं उसाचं बिल असंच असतं, मंजूर होतं तेव्हा शेतकरी फोटोत असतो.

भडंगखाऊ
नंदूभाऊ, कारखान्याचं नाव तेवढं घेऊ नका, धागा उडेल.

अनुराधा_विश्रामबाग
तुम्हा लोकांना गंमत सुचतेय. मला या विषयात फक्त गावित बहिणी आठवतात. आम्ही लहान होतो तेव्हा तो सगळा प्रकार उघडकीला आला. त्यानंतर गणपती बघायला गेलं की आई माझं मनगट असं धरायची की बांगड्यांचे वळ उठायचे, आणि फुगेवाल्याजवळ थांबू द्यायची नाही. लहान पोरं पळवायची, त्यांना घेऊन चोऱ्या करायच्या, आणि नकोशी झाली की मारायची. कोल्हापूरच्या कोर्टानं २००१ मध्ये फाशी दिली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनीही दया नाकारली. आणि जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप केली. कारण काय, तर उशीर!

मला दोन गोष्टी विचारायच्यात. दया कुणासाठी असते? आणि राष्ट्रपतींचं 'नाही' हे जर शेवटचं 'नाही' नसेल, तर एवढा सोपस्कार कशाला?

जुना_बराकीवाला
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं लिहितो. मी तुरुंग खात्यात कारकुनीत होतो, आता निवृत्त आहे. कुठल्या तुरुंगात ते विचारू नका. महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच ठिकाणी, येरवडा आणि नागपूर. सांगली-साताऱ्याच्या जेलात फाशीचा कैदी ठेवत नाहीत.

लोकांना वाटतं दयेचा अर्ज म्हणजे राष्ट्रपती भवनाला एक पाकीट टाकलं की झालं. तसं नसतं. अर्ज बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी लिहितो. बराकीतला शिकलेला कैदी, नाहीतर फुकट मदत करणारा वकील. त्याखाली अंगठा. शेजारी आमचा शिक्का आणि अंगठा त्याचाच असल्याची नोंद. मग त्याला निकालांच्या नकला जोडायच्या, खालच्या कोर्टापासून वरपर्यंत. डॉक्टरचा दाखला, वागणुकीचा दाखला, हिस्ट्री तिकिटाची, म्हणजे कैद्याच्या नोंदींच्या कागदाची, नक्कल, घरची परिस्थिती काय त्याचा पोलीस ठाण्याकडून आलेला अहवाल. हा गठ्ठा अधीक्षक साहेबांच्या सहीनं वर जातो, तिथून मंत्रालयात गृहखात्याकडं, मग दिल्लीत गृहमंत्रालय आणि सगळ्यात शेवटी राष्ट्रपती भवन. वाटेत कुठंही "नक्कल अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा" असा शेरा पडला की गठ्ठा पुन्हा खाली. एका पानासाठी अख्खी फाइल परत आलेली मी पाहिलीय. ते पान मीच नव्यानं झेरॉक्स करून लावलं, आणि मग ती फाइल पुन्हा पहिल्यापासून चढायला लागली.

इकडं कैद्याला यातलं काहीच कळत नाही. आम्ही कागद घेऊन यार्डात शिरलो की तो आमच्या तोंडाकडं बघत नाही, हातातल्या कागदाच्या रंगाकडं बघतो. दिल्लीचा कागद वेगळा दिसतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

दया कुणासाठी, हे माझ्या पगाराच्या बाहेरचं आहे. पण उशीर त्या कैद्यानं केलेला नसतो.

सज्जनगडकर
बराकीवालाकाका, दंडवत घ्या. फार आतलं लिहिलंत.

पेठेतला_पक्या
आमच्या दादांनी असल्या अर्जाबिर्जाच्या नादी लागायचंच ठेवलं नाही. २४ जुलै १९४३, वसंतदादा आणि साथीदारांनी सांगलीचा जेल फोडला. गोळी लागली दादांना. दोघे गेले त्यात, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव. सांगलीच्या धाग्यावर जेल निघालं आणि हे निघालं नाही असं व्हायला नको.

मिरजेचा_वकील
पक्या, निघायलाच हवं होतं. आता अनुराधाताईंचा मुद्दा.

राष्ट्रपतींचा निर्णय कोर्ट तपासू शकतं का? शकतं, पण निर्णय चांगला की वाईट हे बघत नाही, तो कसा घेतला एवढंच बघतं. १९८८-८९ चं केहर सिंग प्रकरण पाहा, इंदिरा गांधी हत्येतलं. त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राष्ट्रपती पुरावा स्वतः नव्यानं वाचून कोर्टापेक्षा वेगळं मत बनवू शकतात. त्यानं कोर्टाचा निकाल पुसला जात नाही, दोन्ही अधिकार वेगळे आहेत. आणि अर्जदाराला समोर बोलावून ऐकून घ्या असा हट्ट धरता येत नाही. केहर सिंगला ६ जानेवारी १९८९ ला फाशी झाली.

पुढं २००६ मध्ये आंध्रातलं एपुरु सुधाकर प्रकरण आलं. राज्यपालांनी एका पक्षाच्या कार्यकर्त्याची शिक्षा माफ केली होती, आणि सरकारी अहवालात त्याच्या बाजूनं काय लिहिलेलं, तर चांगला पक्ष कार्यकर्ता आहे म्हणून! कोर्टानं माफी रद्द केली. जात, धर्म, पक्ष बघून माफी दिली, महत्त्वाचे कागद लपवले, डोकं न चालवता सही केली, की कोर्ट हात घालणार. त्याआधी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका माजी आमदाराची माफीही अशीच गेली, कारण त्याच्यावरचे बाकीचे गुन्हे राज्यपालांना सांगितलेच नव्हते.

गावित बहिणींच्या प्रकरणात कोर्टानं दया दाखवली असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सुप्रीम कोर्टानं एकदम १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. तर्क असा की गळ्याभोवती दोर ठेवून माणसाला वर्षानुवर्षं तिष्ठत ठेवणं हीच वेगळी शिक्षा झाली, आणि ती कुठल्याही न्यायाधीशानं दिलेली नाही. त्याच निकालात अर्ज फेटाळल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्या, घरच्यांना कळवा, हेही सांगितलं. गावित बहिणींचा अर्ज सात वर्षांहून जास्त फिरत राहिला. हायकोर्टानं त्यासाठी सरकारी यंत्रणेला धारेवर धरलंय, निकालात वाचायला मिळेल.

अनुराधा_विश्रामबाग
म्हणजे फाइल कुणीतरी दाबून ठेवायची आणि तिचा फायदा खुन्याला. ज्या आयांची पोरं गेली त्यांनाही तेवढीच वर्षं वाट बघायला लागली, त्यांच्या तिष्ठण्याचं काय? कायदा मला समजला, पटला नाही.

वाईची_लेक
अनुराधाताई, राग समजतो. पण दुसरी बाजूही आपल्याच राज्यातली आहे. २००३ मधलं एक प्रकरण, दरोडा, खून आणि बलात्काराचं. सहा जण पकडले, भटक्या जमातीतली गरीब माणसं. नाशिकच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या सहांना पुन्हा फाशी दिली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, ते नंतर उघड झालं. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं की कोर्टाच्याच चुकीमुळे फाशीच्या रांगेत उभे असलेले लोक आहेत, त्यांना वाचवा. मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. १६ वर्षं आत काढली होती त्यांनी.

त्यांची फाइल कसाबच्या वेगानं हलली असती तर निर्दोष सोडायला कोण उरलं असतं?

भडंगखाऊ
पुडा बाजूला ठेवला.

अनुराधा_विश्रामबाग
वाईची_लेक, हे प्रकरण मला माहीत नव्हतं. तरी मी म्हणते, निर्दोषाला सोडवायचं काम कोर्टाचं आहे, दयेचं नाही. गुन्हा केलाच नाही त्यानं दयेची भीक का मागायची?

मिरजेचा_वकील
ताई, घटनाकारांनी ही खिडकी ठेवली ती नेमकी याचसाठी, कोर्टही चुकतं म्हणून. आणि चुकतं कसं, तर ऐका. उत्तर प्रदेशात तिघांना एकाच गुन्ह्यात, एकाच भूमिकेसाठी फाशी झाली. तिघांनी वेगवेगळे अर्ज केले, वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर गेले. एकाला १९८१ मध्ये फाशी झाली. दुसऱ्याची जन्मठेप झाली. तिसरा, हरबन्स सिंग, त्याची पाळी आली तेव्हा कुठं कोर्टाच्या लक्षात आलं की अरे, साथीदाराला तर आपणच फाशीतून सोडलंय. तेव्हा १९८२ मध्ये कोर्टानं स्वतः राष्ट्रपतींना विनंती केली की याची शिक्षा कमी करा.

परदेशी_सातारकर (न्यू जर्सी)
इकडं सकाळ झाली, धागा वाचून काढला. बाळूच्या मास्तरांसाठी अमेरिकेचं लिहितो.

अध्यक्षाच्या हातावर मंत्रिमंडळ, संसद, कोर्ट, कुणाचंच वजन नाही. सही एकट्याची. गुन्हा घडून गेल्यावर कधीही माफी देता येते, खटल्याच्या आधीसुद्धा. हे १८६७ मध्येच कोर्टानं मान्य केलंय. ८ सप्टेंबर १९७४ ला फोर्डनी निक्सनला माफ केलं तेव्हा निक्सनवर आरोपपत्रही नव्हतं. कार्टरनी १९७७ मध्ये व्हिएतनामची सक्तीची भरती चुकवणाऱ्यांना सरसकट माफी दिली, नावं न घेता.

पण कुंपणं आहेत. पहिलं, फक्त संघराज्याच्या कायद्याविरुद्धचे गुन्हे. राज्याच्या कोर्टात झालेली शिक्षा अध्यक्षाच्या आवाक्याबाहेर. म्हणूनच ट्रम्पना न्यूयॉर्कच्या कोर्टानं मे २०२४ मध्ये ३४ आरोपांत दोषी धरलं, ते अध्यक्षपदाच्या माफीनं पुसता येत नाही. दुसरं, महाभियोग माफीनं थांबत नाही, हे घटनेतच लिहिलंय. तिसरं, माफी मागच्या गुन्ह्याला, पुढं करायच्या गुन्ह्याचा परवाना देता येत नाही. आणि कुणाचं दिवाणी देणं माफीनं बुडत नाही.

एक मजेशीर गोष्ट. १९१५ चं बर्डिक प्रकरण. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकानं बातमीचा स्रोत सांगायला नकार दिला, म्हणाला सांगितलं तर मीच अडकेन. सरकारनं शक्कल लढवली, अध्यक्षांकडून त्याला माफीच आणून दिली. आता अडकायची भीती नाही, बोल! पठ्ठ्यानं माफीच घेतली नाही. कोर्ट म्हणालं, बरोबर आहे, घ्यायची की नाही हा त्याचा प्रश्न.

स्वतःला माफी? कुणी करून बघितलेली नाही, म्हणून कोर्टाचा निकाल नाही. पण निक्सनच्या राजीनाम्याच्या चार दिवस आधी त्यांच्याच न्याय खात्यानं लेखी मत दिलं होतं की कुणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही, सबब अध्यक्ष स्वतःला माफ करू शकत नाही.

पेठेतला_पक्या
माफी नको म्हणणारा संपादक! असली माणसं आता कुठं मिळायची.

माहुलीकर
परदेशी_सातारकर, सातारचे असून हे सांगायला निक्सनपर्यंत गेलात? आपल्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे काय म्हणाले होते? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा पेशवे झाले, आणि रामशास्त्रींनी भर दरबारात देहांत प्रायश्चित्त सांगितलं. राज्यकर्ता तोच, आरोपी तोच, आणि पगारी न्यायाधीश त्याला तोंडावर सांगतो की तुला सूट नाही. दोनशे वर्षं आधीचा निकाल आहे हा.

नंदू_कऱ्हाडकर
निकाल दिला हो, पण अंमल कुठं झाला? शास्त्रीबुवा नोकरी सोडून गावी गेले, आणि राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला. १७७५ चा सुरतेचा तह त्यांनीच केला. शिक्षा सांगणं वेगळं आणि भोगायला लावणं वेगळं.

माहुलीकर
पेशवाई गेली ना पण त्यांची! बारभाईंनी बसू दिलं नाही. आणि नाना फडणवीसांनी शास्त्रीबुवांना सन्मानानं परत बोलावलं. हा अंमल नाही तर काय?

नंदू_कऱ्हाडकर
बरं, तोड काढू आपण. अर्धा अंमल.

मिरजेचा_वकील
माहुलीकर, आपल्या राष्ट्रपतींच्या बाबतीत राघोबादादांचा पेच बऱ्यापैकी टळतो. अनुच्छेद ३६१ प्रमाणे पदावर असेपर्यंत राष्ट्रपतींवर फौजदारी खटलाच चालत नाही. खटला नाही म्हणजे दोषी ठरणं नाही, आणि दोषी नाही तर ७२ लागूच नाही. शिवाय स्वतःला माफ करा असा सल्ला आधी मंत्रिमंडळानं द्यायला लागेल. काका ज्याला शिक्का म्हणून हिणवतात ना, तेच इथं कुलूप आहे.

इस्लामपूरच्या_काकू
मी वाचत होते, आता लिहिते. तुम्ही सगळे नानावटीला कसे विसरलात? आमच्या वडलांच्या पिढीत त्या खटल्यावरून घराघरात भांडणं झालीत. १९५९ मध्ये नौदलाच्या या अधिकाऱ्यानं बायकोच्या मित्राला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्युरीनं सोडलं, हायकोर्टानं जन्मठेप दिली. आणि निकाल लागला त्याच दिवशी, ११ मार्च १९६० ला, राज्यपालांनी हुकूम काढला की सुप्रीम कोर्टातलं अपील संपेपर्यंत शिक्षा थांबवा, याला नौदलाच्याच ताब्यात राहू द्या. सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी सांगितलं, प्रकरण आमच्यासमोर असताना शिक्षा थांबवायचा अधिकार तुम्हाला नाही. हेही कुंपणच की.

पुढं १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित होत्या, त्यांनी पूर्ण माफी दिली. आहुजा सिंधी होता, सिंधी समाज चिडेल म्हणून त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली, आणि आहुजाच्या बहिणीकडून आमची हरकत नाही असं लिहून घेतलं होतं. वजनदार माणसाला माफी कशी मिळते ते शिकायचं तर हे प्रकरण शिका. अनुराधा, तुझा प्रश्न मला तिथं जास्त बोचतो. गावित बहिणींच्या बाजूनं कोण होतं?

अनुराधा_विश्रामबाग
काकू, हे मात्र खरं. वशिल्याची माफी आणि उशिराची माफी, दोन्हीत मेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. आहुजाच्या बहिणीला निदान विचारलं तरी.

सज्जनगडकर
गुजरातच्या राज्यपालांनी बिल्कीस बानो प्रकरणातल्या ११ जणांना माफी दिली आणि सुप्रीम कोर्टानं उलटवली, तेही यातच धरायचं ना?

मिरजेचा_वकील
नाही, ती गल्लत फार जण करतात. ती राज्यपालांची घटनात्मक माफी नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३२ कलमाखाली सरकारनं दिलेली शिक्षेतली सूट होती. ८ जानेवारी २०२४ ला ती रद्द झाली, मुख्यतः यासाठी की खटला मुंबईत चालला होता, म्हणजे सूट द्यायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हेच.

उलट राज्यपाल कसे बांधलेले असतात ते बघायचं तर पेरारिवलन प्रकरण बघा. राजीव गांधी हत्येतला कैदी. तमिळनाडू मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०१८ मध्ये सोडा म्हणून शिफारस केली. राज्यपाल बसून राहिले आणि मग फाइल राष्ट्रपतींकडं ढकलली. १८ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधील आहेत, आणि स्वतःच त्याला सोडून दिलं.

आता १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिचं कलम ४७२ फाशीच्या दयेच्या अर्जाबद्दल आहे. अर्ज ३० दिवसांत करायचा. राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्रानं ६० दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस करायची. राष्ट्रपतींच्या निर्णयावर अपील नाही आणि तो कसा घेतला याची चौकशी कोर्टात नाही, असंही लिहून ठेवलंय. हे शेवटचं वाक्य टिकेल असं मला वाटत नाही. साध्या कायद्यानं घटनेतलं कोर्टाचं दार बंद होत नाही. आणि गंमत बघा, कैद्याला मुदत आहे, मंत्रालयाला मुदत आहे, राष्ट्रपतींना अजूनही नाही.

जुना_बराकीवाला
"नक्कल अस्पष्ट" म्हणणाऱ्याला मुदत आहे का तेवढं सांगा.

आटपाडीचा_आप्पा
माफी माफी काय करताय, आमच्या आटपाडीला या की. स्वतंत्रपूर. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी खुनाचे कैदी बेडी न घालता माळावर आणून सोडले. फ्रीडमन नावाचा पोलंडचा माणूस होता, त्याच्या डोक्यातली कल्पना ही. भिंत न्हाई, तार न्हाई. बायकापोरं घेऊन ऱ्हायचं, रान कसायचं, बाजाराला जायचं. पळून जायचं म्हटलं तर कुणी धरणार न्हाई. त्याच्यावर शिनेमा निघाला, जगभर गाजला. माझा आजा तिथल्या कैद्याकडनं भाजी घ्यायचा. म्हणायचा, तोलून देताना काटा झुकता ठेवायचा गडी.

राजाच्या मनात आलं म्हणून झालं ते. आता असं करायला किती सह्या लागतील बघा.

भडंगखाऊ
आप्पा, म्हणजे एकट्याच्या सहीचे फायदेही आहेत म्हणायचं.

परदेशी_सातारकर (न्यू जर्सी)
एकट्याच्या सहीचे फायदे कुणाला, ते इकडं येऊन बघा. बायडेननी डिसेंबर २०२४ मध्ये फाशीच्या ४० पैकी ३७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तीही एकट्याची सही, आणि त्याच महिन्यात स्वतःच्या मुलाला माफी दिली, तीही. पेन एकच.

कृष्णाकाठचा_बाळू (सांगली)
सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून आमराईत नेली. मास्तरांनी वाचून सांगितलं की त्यांचा मुद्दा सिद्ध झाला. काकांनी वाचून सांगितलं की त्यांचा.

गोंदवल्याचा_नवा
नमस्कार. मी नवीन सदस्य आहे. विषय निघालाय म्हणून विचारतो. माझ्या आतेभावाला शेताच्या बांधावरून झालेल्या खुनात जन्मठेप आहे. कळंबा जेलला आहे, चौदा वर्षं व्हायला आली. आत्या थकली आहे. गावातला एक माणूस म्हणतोय राष्ट्रपतींकडं अर्ज टाकू, दिल्लीत ओळख आहे, पण आधी खर्चाला पैसे द्या. आत्या गळ्यातलं विकायला निघाली आहे. अर्ज करावा का?

मिरजेचा_वकील
एक रुपयाही देऊ नका. आत्यांना आजच फोन करा.

जन्मठेप आहे, फाशी नाही, आणि खुनाचा गुन्हा म्हणजे राज्याचा विषय. राष्ट्रपतींकडं गेलेला अर्ज फिरून राज्याकडंच येणार. तुमचा रस्ता म्हणजे राज्य सरकारकडून मुदतपूर्व सुटका. खुनाच्या जन्मठेपेत प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. त्यानंतरही आपोआप सुटका होत नाही. गुन्ह्याच्या प्रकारानुसार राज्यानं वर्गवारी ठरवलीय, त्यात तो कुठल्या वर्गात बसतो त्यावर वर्षं ठरतात. यासाठी दिल्लीची ओळख लागत नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

जुना_बराकीवाला
वकीलसाहेबांचं बरोबर आहे. भेटीला जाल तेव्हा भावाला सांगा, जेल ऑफिसातून आपली माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, किती साठली ते विचारून घे. चांगल्या वागणुकीचे, कामाचे दिवस हिस्ट्री तिकिटावर चढलेले असतात, पण पॅरोल-फर्लोवरून, म्हणजे तुरुंगातून मिळालेल्या सुट्टीवरून, उशिरा हजर झाला असेल तर कापलेलेही असतात. तेवढा खुलासा आधी झालेला बरा.

गोंदवल्याचा_नवा
एकदा फर्लोवरून उशीर झाला होता त्याला. आत्या दवाखान्यात होती तेव्हा.

जुना_बराकीवाला
मग दवाखान्याचे कागद शोधा. डिस्चार्ज कार्ड, बिलं, जे सापडेल ते. अर्जाला लावा.

मिरजेचा_वकील
आणि सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स काढा. स्पष्ट.

जुना_बराकीवाला
हो, स्पष्ट. आणि सोमवारी जाऊ नका, कोर्टात गर्दी असते.